बालकक्षातील समाजसेवक : खर्च की उपचार?

आपल्या रुग्णालयाचा वार्षिक ताळेबंद हाती पडला की काही देणगीदार आवर्जून एक प्रश्न विचारतात. औषधे, खाटा, यंत्रसामग्री यांसाठी दिलेले दान डोळ्यांना दिसते. परंतु बालरुग्ण विभागाच्या खर्चात ‘वैद्यकीय समाजसेवकाचे वेतन’ ही रक्कम कशासाठी? जो रुग्णास तपासत नाही, सुई टोचत नाही, औषध लिहून देत नाही, त्याचा रुग्णसेवेशी संबंध कोणता? प्रश्न रास्त आहे. दानाच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मागणे हा दात्याचा अधिकार आहे आणि तो देणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. त्यामुळे वैद्यकशास्त्राचा अधिकार न सांगता, केवळ जमाखर्चाच्या शिस्तीने या एका रकमेचा हिशेब येथे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

मूल एकटे येत नाही

हसनाबाद व भोकरदन तालुक्याचा हा परिसर मुख्यतः कोरडवाहू शेतीचा. कापूस, मका, सोयाबीन ही पिके आणि त्यांच्या जोडीला शेतमजुरी, यांवर येथील बहुसंख्य कुटुंबांचा चरितार्थ चालतो. अशा घरातील मूल आजारी पडते, तेव्हा रुग्णालयाच्या दारात एक मूल येत नाही. त्याच्यासोबत एक अख्खे घर येते. त्या घराचे कर्ज, बुडणारी मजुरी, घरी ठेवून आलेली लहान भावंडे, सासूबाईंचे मत, शेजारणीचा सल्ला, आणि कधी कधी न सांगता येण्याजोगे एखादे दुःखही त्या मुलाबरोबर खाटेवर येऊन बसते. डॉक्टर मुलावर उपचार करतात. या सोबत आलेल्या घराकडे कोणी पाहायचे, हा खरा प्रश्न आहे.

तीव्र कुपोषणाचे उदाहरण घेऊ. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील बालकाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी असेल, किंवा उंचीच्या मानाने त्याचे वजन ठरावीक मर्यादेखाली घसरले असेल, किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर ते बालक तीव्र कुपोषित, म्हणजे आरोग्य खात्याच्या भाषेत ‘सॅम’, समजले जाते. अशा बालकास ताप, जुलाब, न्यूमोनिया यांसारखी गुंतागुंत असेल किंवा त्याची भूकच मेली असेल, तर त्यास दाखल करून घ्यावे लागते. त्याला एकदम भरपूर खाऊ घालणे हा उपचार नव्हे. तसे केल्यास ते जिवावर बेतू शकते. प्रथम शरीरातील साखर व उष्णता सांभाळावी लागते, जंतुसंसर्गावर औषध द्यावे लागते आणि दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, मोजून थोडे थोडे विशेष दूध पाजावे लागते. भूक परतली की आहार हळूहळू वाढविला जातो. लोहाचे औषधही आरंभी देत नाहीत. बालक सावरून वजन वाढू लागल्यावरच देतात. पोषण पुनर्वसन केंद्रांत या साऱ्यास साधारणतः दोन आठवडे लागतात.

आता हेच दोन आठवडे मातेच्या बाजूने पाहावेत. येथे दिलेले चित्र कोणा एका कुटुंबाचे नाही. आपल्या भागातील अनेक घरांना ते लागू पडावे असे आहे. कापूस वेचणीचे दिवस आहेत. घरी चार वर्षांची मुलगी आजीपाशी ठेवलेली आहे. पती रोजंदारीवर जातो आणि संध्याकाळी भाकरी कोण करणार, हा प्रश्न रोजचा आहे. तिसऱ्या दिवशी मुलाचा ताप उतरतो. ते डोळे उघडून पाहू लागते. घरून निरोप येतो, ‘आता बरं दिसतंय, घेऊन या.’ माता केसपेपरवर अंगठा उठवते आणि वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध सुट्टी घेऊन निघून जाते. तिने काय चुकीचे केले? तिच्या घराच्या हिशेबात ते बरोबरच होते. परंतु ताप उतरला तरी कुपोषण गेलेले नसते. अशा बालकांपैकी काही पुन्हा आजारी होऊन परततात, काही परततच नाहीत. तीन दिवसांचे औषध, परिचारिकांचे जागरण आणि दात्याचे दान, सारे तेथेच वाया जाते.

समाजसेवकाचे काम तिसऱ्या दिवशी नव्हे, तर पहिल्याच दिवशी सुरू होते, ते याच कारणासाठी. दाखल होताच तो किंवा ती मातेशी निवांत बोलते. घरी मागे कोण आहे, मजुरी किती बुडते, निर्णय कोण घेते, मुलास आजवर काय खाऊ घातले, हे समजून घेते. पतीस किंवा सासूबाईंना एक दिवस बोलावून डॉक्टरांसमोर बसविते आणि दोन आठवडे का लागतात हे त्यांच्याच भाषेत समजावते. जिल्हा स्तरावरील शासकीय पोषण पुनर्वसन केंद्रात बालकासोबत राहणाऱ्या मातेस बुडीत मजुरी व जेवण देण्याची तरतूद आहे. आवश्यक तेथे ती मिळेल असे पाहते. घरच्या मुलीची नोंद अंगणवाडीत आहे का, याची चौकशी करते. आणि सुट्टी होण्यापूर्वी गावच्या आशाताई व अंगणवाडीसेविका यांना कळविते, म्हणजे घरी गेल्यावर वजन पाहणारे, घरी येऊन चौकशी करणारे कोणी असते. औषध डॉक्टरांचे असते. ते औषध पूर्ण होईपर्यंत मूल खाटेवर राहावे आणि नंतर घरीही वाढावे, ही व्यवस्था समाजसेवकाची असते.

मराठवाड्याने दिलेला धडा

मुलांच्या आरोग्यात औषधापलीकडच्या कामाचे मोल आपल्या विभागाने प्रत्यक्ष पाहिले आहे. या शतकाच्या आरंभी वैजापूर तालुक्यातील भादली या गावी झालेल्या बालमृत्यूंच्या वृत्तांनी महाराष्ट्र हादरला. तत्कालीन औरंगाबाद विभागाचे विभागीय आयुक्त श्री. व्ही. रमणी यांनी त्यानंतर मराठवाड्याच्या सर्व जिल्ह्यांत बालकुपोषणाविरुद्ध मोहीम हाती घेतली. तिचे सूत्र साधे होते. प्रत्येक बालकाचे वजन घ्यावे, ते खरे नोंदवावे, आणि आरोग्य खाते व एकात्मिक बालविकास सेवा यांनी एकाच बालकाकडे दोन वेगळ्या फायलींतून न पाहता एकत्र पाहावे. या अनुभवातूनच मार्च २००५ मध्ये राज्य शासनाने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन केले. त्याचे मुख्यालय औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे होते आणि श्री. रमणी हेच त्याचे पहिले महासंचालक होते. मिशनने पुढे गर्भधारणेपासून बालकाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या पहिल्या एक हजार दिवसांवर भर दिला.

फलित काय झाले? २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात दोन वर्षांखालील सुमारे ३९ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. २०१२ मध्ये राज्यात स्वतंत्रपणे झालेल्या सर्वंकष पोषण पाहणीत हे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांवर आलेले आढळले. एवढी घट इतक्या अल्पकाळात होणे ही देशभर दखल घेण्याजोगी गोष्ट ठरली. तथापि, ताळेबंद मांडताना जमेबरोबर नावेची बाजूही दाखविली पाहिजे. पाच वर्षांखालील सर्व बालके विचारात घेतली, तर खुंटलेल्या वाढीचे प्रमाण २०१५-१६ च्या पाहणीत ३४.४ टक्के होते आणि २०१९-२१ च्या पाहणीत ते ३५.२ टक्के झाले. उंचीच्या मानाने अतितीव्र कमी वजन असणाऱ्या बालकांचे प्रमाण याच काळात ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेले. अर्थात, मिळविलेले यश आपोआप टिकत नाही. घराशी असलेला धागा सैल झाला की मूल पुन्हा घसरते. हे जसे एका बालकाचे, तसेच राज्याचेही.

दुसरा दाखला विदर्भातील आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकाच्या घरच्या घरी देखभालीचे शिक्षण दिले. १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत हा प्रयोग झाला. नवजात बालमृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत हीच पद्धत देशभर राबविण्यात येऊ लागली. या स्त्रिया डॉक्टर नव्हत्या. परंतु त्यांचे काम केवळ मायेचेही नव्हते. त्यांना नेमके प्रशिक्षण होते, त्या नोंदी ठेवीत, आणि त्या नोंदी कोणीतरी तपासत असे. माया, शिक्षण आणि शिस्त यांचा हा संयोगच मुलांना वाचवितो.

दयाबुद्धी आणि व्यावसायिक कौशल्य

‘आमचे स्वयंसेवक आहेतच, त्यांना फळे वाटण्याबरोबर हेही सांगता येईल,’ अशी सूचना सद्भावनेने केली जाते. स्वयंसेवकांविषयी पूर्ण आदर बाळगूनही येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे.

रुग्णालयीन समाजकार्य हा शंभराहून अधिक वर्षे विकसित झालेला व्यवसाय आहे. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये १८९५ साली या कामासाठी प्रथम स्वतंत्र नेमणूक झाली. आपल्या देशात समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी पहिली संस्था १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावे सुरू झाली; तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाचे पद निर्माण झाले. आज शासकीय रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’ या नावाने असलेले पद याच परंपरेतील आहे.

या शिक्षणाने काय साधते? पहिली गोष्ट म्हणजे ऐकण्याची पद्धत. मातेस दोष न देता तिच्याकडून खरी माहिती मिळविणे हे कौशल्य आहे. ‘इतके दिवस का थांबलात?’ या एका प्रश्नाने ती कायमची गप्प होऊ शकते. दुसरी गोष्ट गोपनीयतेची. बाळाच्या आईने सांगितलेले गावात पोहोचणार नाही, याची हमी असल्याशिवाय ती बोलत नाही. आणि आपल्यासारख्या परिसरात, जेथे प्रत्येक जण प्रत्येकाचा नातलग असतो, तेथे ही हमी फार मोलाची आहे. तिसरी गोष्ट नोंदीची. लिहिलेली नोंद असली म्हणजे समाजसेवक रजेवर गेला तरी काम थांबत नाही आणि डॉक्टरांनाही मुलाच्या घराची परिस्थिती कळते. चौथी गोष्ट म्हणजे कुटुंबाचा निर्णय कुटुंबालाच घेऊ देणे. समाजसेवक त्यांना मार्ग दाखवितो, त्यांच्या वतीने ठरवून टाकीत नाही. आणि पाचवी, आपल्या मर्यादेची जाण. जे काम पोलिसांचे, न्यायालयाचे किंवा मानसोपचारतज्ज्ञाचे आहे, ते त्यांच्याकडे वेळेवर सोपविणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

कायदा आणि संरक्षण

मुलाला झालेली इजा नेहमी अपघाताचीच असते असे नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, जो ‘पॉक्सो’ या नावाने परिचित आहे, २०१२ साली झाला. अशा अपराधाची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांस कळविणे त्यानुसार बंधनकारक असून न कळविणे हा गुन्हा आहे. पीडित बालकास कोणतेही रुग्णालय, मग ते खासगी असो वा धर्मादाय, उपचार नाकारू शकत नाही आणि हा उपचार विनामूल्य द्यावा लागतो. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरने, पालक किंवा बालकाच्या विश्वासातील व्यक्तीच्या उपस्थितीत करावयाची असते. बालकाची ओळख उघड करता येत नाही.

आपल्या भागात या कायद्याचा सर्वांत अवघड प्रसंग बालविवाहातून उद्भवतो. अठरा वर्षे पूर्ण न झालेली मुलगी गरोदर होऊन तपासणीस येते. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयानंतर विवाहित असली तरी अशा मुलीस कायद्याचे संरक्षण आहे आणि रुग्णालयास वर्दी द्यावीच लागते. कुटुंबाला याची कुणकुण लागली की ते मुलीला घेऊन निघून जाण्याचा धोका असतो. मग ती अडाणी हातांत घरी बाळंत होणार आणि दोन कोवळे जीव धोक्यात येणार. कायदा पाळायचा आणि मुलीस उपचारापासून तुटूही द्यायचे नाही, ही तारेवरची कसरत आहे. वर्दी का द्यावी लागते, पुढे काय होते, कोणाची मदत मिळते, हे शांतपणे समजावून सांगणारी आणि बाळंतपण होईपर्यंत त्या मुलीचा हात न सोडणारी एक प्रशिक्षित व्यक्ती येथे असावीच लागते. यंत्राने हे काम होत नाही.

बेवारस आढळलेले किंवा पालकांनी सोडून दिलेले मूल असल्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार चोवीस तासांच्या आत त्याची माहिती द्यावी लागते आणि त्याच्या भवितव्याचा निर्णय जिल्ह्याची बाल कल्याण समिती घेते. ‘कोणी चांगले घर पाहून देऊन टाका’ असे सांगणाऱ्यांचा हेतू कितीही चांगला असो, तसे करणे बेकायदेशीर आहे. १०९८ हा क्रमांक अशा प्रत्येक मुलासाठी आहे; तो रुग्णांच्या नातेवाइकांनीही लक्षात ठेवावा.

योजना आहेत, पण वाट दाखविणारा हवा

गरीब मुलासाठी आज शासनाच्या व कायद्याच्या तरतुदी कमी नाहीत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवावयाच्या असतात. त्याकरिता इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. रुग्णाची आर्थिक स्थिती कागदपत्रांवरून पडताळण्याचे काम या योजनेने वैद्यकीय समाजसेवकाकडेच सोपविले आहे, हे येथे नमूद करणे उचित ठरेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अनेक शस्त्रक्रिया व उपचार अंतर्भूत आहेत. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी होते आणि जन्मजात हृदयदोष, दुभंगलेले ओठ, वाकडी पावले अशा दोषांवर पुढील उपचारांची सोय होते. एक पालक गमावलेल्या किंवा पालक दुर्धर आजाराने ग्रस्त असलेल्या बालकास बाल संगोपन योजनेतून दरमहा साहाय्य मिळू शकते.

परंतु शिधापत्रिकेवर बाळाचे नाव नसते. आधार कार्डावरील नाव व जन्माच्या दाखल्यावरील नाव जुळत नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आणण्यासाठी एक दिवसाची मजुरी आणि भोकरदनचे भाडे लागते. योजना आणि मूल यांच्यामध्ये हे एवढेसे अंतर असते, आणि अनेक मुले याच अंतरात अडकून राहतात. कोणता कागद प्रथम, कोणता नंतर, कोणत्या टेबलावर, हे सांगून एका फेरीत काम करून देणे ही समाजसेवकाची रोजची कामगिरी आहे. समाजसेवकाने मिळवून दिलेला शासकीय लाभ आपल्या जमाखर्चात कोठेच दिसत नाही, कारण तो थेट रुग्णास मिळतो; मात्र त्यामुळे वाचलेले निर्धन रुग्ण निधीतील पैसे दुसऱ्या, कोणत्याही योजनेत न बसणाऱ्या मुलाच्या कामी येतात.

दिवाळीनंतर ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट आणखी वेगळी. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ म्हणून जातात आणि मुले फडावर त्यांच्यासोबत असतात. क्षयरोगाचे, अपस्माराचे किंवा सिकलसेलचे औषध चालू असलेले मूल अशा वेळी मध्येच उपचारापासून तुटते. जाण्यापूर्वी पुरेसे औषध देणे, आजार व औषधे ठळक अक्षरांत लिहिलेले कार्ड मातेजवळ देणे, कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्राचे नाव तिला सांगणे आणि परतल्यावर पुन्हा बोलावणे, एवढ्याने उपचाराचा धागा टिकतो. आजाराचे नाव डॉक्टर लिहितात. कुटुंब कोणत्या महिन्यात कोठे असेल, हे समाजसेवकास ठाऊक असते.

हिशेबाचा निष्कर्ष

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शासकीय योजनांची देयके उपचाराची असतात. त्यांत खाट, तपासणी, औषध, शस्त्रक्रिया यांचा विचार असतो. मातेशी बोलण्यात गेलेल्या तासाचे देयक कोणी देत नाही. म्हणून हा खर्च भागविण्यास देणगी हाच मार्ग उरतो. दान दिलेल्या यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, समाजसेवकाच्या कामावर ते कोरता येत नाही; आणि गोपनीयतेमुळे त्या कामाच्या कहाण्याही छायाचित्रासह छापता येत नाहीत. हा खर्च दात्यांच्या नजरेस कमी भरतो, तो याच कारणाने. परंतु हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर अर्धवट सोडलेला उपचार ही शंभर टक्के बुडालेली रक्कम असते आणि तो पूर्ण करून घेणारा खर्च हा आस्थापनेचा नसून उपचाराचाच असतो. वाणिज्याच्या विद्यार्थ्यास हा निष्कर्ष टाळता येत नाही.

मान्यवर विश्वस्तांना विनंती, की या पदाकडे वर्षागणिक नूतनीकरणाची तात्पुरती सोय म्हणून न पाहता स्थायी पद म्हणून पाहावे. कारण कुटुंबाचा विश्वास संपादन करण्यास वेळ लागतो आणि माणूस बदलला की तो पुन्हा पहिल्यापासून मिळवावा लागतो. देणगीदारांनी आपल्या दानाचा काही अंश या कामासाठी राखून ठेवावा. त्याचा हिशेब मागताना किती मातांनी उपचार पूर्ण केले, किती बालके सुट्टीनंतर पुन्हा तपासणीस आली, असे प्रश्न जरूर विचारावेत. ते प्रश्नच आमच्या कामास शिस्त लावतील. आणि रुग्णांच्या नातेवाइकांना एवढेच सांगणे, की घरची अडचण सांगण्यात कमीपणा नाही. बाळाला घेऊन जाण्याचा निर्णय करण्यापूर्वी समाजसेवकाच्या टेबलापाशी पाच मिनिटे बसावे. बहुतेक अडचणींना काही ना काही वाट निघते.

मूल बरे होणे म्हणजे ताप उतरणे नव्हे. ते आपल्या घरी, आपल्या माणसांत, पुन्हा वाढू लागणे होय.